आवाज कुणाचा?

२००९च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या मनोरंजनाच्या धंद्यात एक ‘पाहिजेत’ छापाची सूचना फिरू लागली. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स टेलिव्हिजन या कंपनीला आवाज हवे होते. एका कार्टून मालिकेतल्या मुख्य पात्रांचे आवाज. यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. नवल असं, की हे आवाज आधीपासून होते. दहा वर्षं लोकांच्या कानांत बसलेले होते. त्यांचे धनी हयात होते, धडधाकट होते आणि काम करायला तयारही होते. अडलं होतं ते मानधनावर. घरगड्याने पगार वाढवून मागितला, की मालकीणबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने ‘दुसरा कुणी असेल तर सांगा हो’ म्हणतात, तशातलाच हा प्रकार.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी कॉलेजची पोरं घसा फोडून एक प्रश्न विचारतात: ‘अरे, आवाज कुणाचा?’ तिथे उत्तर ठरलेलं असतं, आपापल्या कॉलेजचं नाव. या अमेरिकन कार्टूनच्या बाबतीत मात्र तो प्रश्न पंचवीस वर्षांत नीट सुटलेला नाही. माझं स्वतःचं उत्तर पक्कं आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी त्या मालिकेची आणि तिच्या पडद्यामागच्या मंडळींची ओळख करून द्यायला हवी.

मालिकेचं नाव ‘फ्यूचुरामा’. ‘द सिम्पसन्स’चे जनक मॅट ग्रेनिंग यांनी ती कल्पिली आणि डेव्हिड एक्स. कोहेन या लेखकाच्या जोडीने उभी केली. २८ मार्च १९९९ रोजी फॉक्स वाहिनीवर तिचा पहिला भाग दिसला. नाव घेतलं होतं १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या जनरल मोटर्सच्या दालनावरून. वीस वर्षांनंतरचं जग कसं असेल, याचा देखावा तिथे मांडला होता. मालिकेची कथा अशी: फ्राय नावाचा न्यूयॉर्कमधला एक रिकामटेकडा पिझ्झावाला पोरगा १९९९च्या शेवटच्या रात्री, बाराच्या ठोक्याला, अपघाताने एका गोठवणयंत्रात पडतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. पाहतो तर काय, त्याचा पुतण्याच्या पुतण्याच्या अशा कितव्यातरी पिढीतला वंशज असलेले एक जख्ख म्हातारे प्राध्यापक ग्रहाग्रहांवर पार्सलं पोचवणारी कंपनी चालवताहेत. म्हणजे हजार वर्षं झोपून उठल्यावरही गड्याच्या नशिबी सामान पोचवण्याचीच नोकरी! सोबतीला लीला ही एकाच डोळ्याची कप्तान, झॉइडबर्ग नावाचा शेवंडासारखा दिसणारा कफल्लक डॉक्टर आणि बेंडर. हा बेंडर म्हणजे यंत्रमानव. पण दारूवर चालणारा, सिगार ओढणारा, उचलेगिरी करणारा आणि तोंडाळ.

एवढ्या वर्णनावरून लक्षात आलंच असेल, की हे पोराबाळांचं कार्टून नव्हे. मोठ्यांसाठी आहे. घरात लहान मुलं असतील तर आधी आपण पाहावं आणि मग ठरवावं. पण कार्टून म्हणजे पोरखेळ, या समजुतीने ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांनी बरंच काही गमावलं आहे असं मला वाटतं. २००२ साली तिला सर्वोत्तम सचेत मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी प्रसारित झालेल्या एका भागात फ्रायच्या जुन्या कुत्र्याची गोष्ट आहे. ती पाहून भले भले मिशीवाले डोळे पुसतात.

आता मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे ‘आवाज देणं’ म्हटलं की डबिंग आठवतं. चित्र आधी तयार असतं, नटाचे ओठ हलत असतात आणि अंधाऱ्या खोलीत बसलेला कुणीतरी त्या ओठांत शब्द बसवत असतो. त्यामुळे आवाज ही नंतर शिवलेली अस्तराची बाजू, असं आपल्या मनात घट्ट बसलं आहे. कार्टूनचं काम बरोबर याच्या उलट चालतं. आधी संहिता लिहिली जाते, मग सगळे कलाकार टेबलाभोवती बसून ती मोठ्याने वाचतात. लेखक कान देऊन ऐकतात, हशा कुठे पिकला आणि कुठे नाही याच्या खुणा करतात, संहिता पुन्हा लिहितात. त्यानंतर ध्वनिमुद्रण. त्या मुद्रणाबरहुकूम कच्ची चित्रं आणि ती मंजूर झाल्यावर पक्की. ‘फ्यूचुरामा’ची चित्रं ‘रफ ड्राफ्ट’ या स्टुडिओने काढली. त्याचं एक अंग कॅलिफोर्नियात, तर दुसरं दक्षिण कोरियात सोल इथे. म्हणजे सोलमध्ये कुणीतरी चित्रकार बेंडरचा जबडा रेखाटत असतो तेव्हा बेंडरचं हसणं महिन्यांपूर्वीच मुद्रित होऊन पडलेलं असतं. चित्रकार त्या हसण्याच्या मागे मागे जातो. भुवई कधी उडवायची, मान कधी कलती करायची, दम कुठे खायचा, हे त्याला आवाजाने आधीच सांगितलेलं असतं. म्हणूनच आवाज देणाऱ्याला मी नुसता ‘आवाजवाला’ म्हणायला तयार नाही. तो त्या पात्राचा अर्धा लेखक आहे.

बिली वेस्ट या गृहस्थांचं उदाहरण घ्या. फ्रायच्या भूमिकेसाठी आधी दुसऱ्याच एका नटाची निवड झाली होती, पण अखेर ती वेस्ट यांच्याकडे आली. (लीलाचंही तसंच. आधी निकोल सुलिव्हन ठरल्या होत्या, पुढे केटी सगाल आल्या.) वेस्ट नुसता फ्राय होऊन थांबले नाहीत. म्हातारे प्राध्यापक तेच, डॉक्टर झॉइडबर्ग तेच आणि झॅप ब्रॅनिगन नावाचा छाती काढून चालणारा मूर्ख सेनानीही तेच. फ्राय, प्राध्यापक आणि डॉक्टर एका टेबलाशी बसून भांडत असतात तेव्हा एकच माणूस स्वतःशी तीन तोंडांनी भांडत असतो. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न पात्रं उभी केली, ती आपण डोळ्यांदेखत पाहिली आणि थक्क झालो. पण तिथे निदान देह समोर होता, मान वेळावता येत होती, हात नाचवता येत होते. इथे गळा सोडला तर हाताशी काहीच नाही.

आणि हे आवाज काही हवेतून आले नव्हते. झॉइडबर्गच्या रडक्या, नाकातल्या बोलण्यात जॉर्ज जेसेल आणि लू जकोबी या जुन्या ज्यू विनोदी नटांची छाया आहे. प्राध्यापकांच्या कापऱ्या सुरात बर्जेस मेरेडिथ आहेत आणि ‘विझार्ड ऑफ ऑझ’मधल्या जादूगाराचं काम करणारे फ्रँक मॉर्गनही. आपल्याकडचा एखादा चांगला नकलाकार बोलता बोलता जुन्या नाटकवाल्यांची लकब उचलतो आणि ऐकणाऱ्याला नक्की कळत नाही, की हे कुठेतरी ऐकलंय का आपल्यालाच भास झाला. तसंच हे. परंपरा गळ्यागळ्यांतून उतरत येते, आणि ती उतरवून घ्यायला आयुष्यभर कान उघडे ठेवावे लागतात.

बेंडरची गोष्ट तर फारच मजेची. यंत्रमानव कसा बोलेल, हे निर्मात्यांनाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याचा आवाज सापडणं अवघड जात होतं. पत्र्याचा, घरघरणारा, एका पट्टीतला आवाज ही रूढ कल्पना. अशात जॉन डिमॅजिओ नावाचा भरदार गळ्याचा नट परीक्षेला आला. त्याने म्हाताऱ्या प्राध्यापकासाठी एक आवाज लावून दाखवला आणि बेंडरसाठी दुसराच. परीक्षकांना तो पहिला आवाज बेंडरच्या तोंडी जास्त शोभेल असं वाटलं, आणि झालं! त्या आवाजात काय काय होतं? गुत्त्यात बरळत बसलेला दारुडा, स्लिम पिकेन्स हा जुन्या काउबॉयपटांतला नट आणि डिमॅजिओच्या कॉलेजातल्या एका मित्राने गंमत म्हणून रंगवलेलं पात्र. या तिघांच्या भेळेतून जगातला सर्वांत माणसाळलेला यंत्रमानव जन्मला. कुठल्या कंपनीच्या कुठल्या बैठकीत हे ठरवता आलं असतं?

आता एक दुःखाची गोष्ट. तो मूर्ख सेनानी झॅप ब्रॅनिगन मुळात फिल हार्टमन यांच्यासाठी लिहिला होता. ‘द सिम्पसन्स’मध्ये हार्टमन यांनी ट्रॉय मॅकल्युअर हा उतरणीला लागलेला नट आणि लायनल हट्झ हा भुक्कड वकील अजरामर केले होते. ग्रेनिंगना दुसरं कुणी नकोच होतं. पण २८ मे १९९८ रोजी, ‘फ्यूचुरामा’ पडद्यावर येण्याच्या दहा महिने आधी, हार्टमन यांची त्यांच्या राहत्या घरी हत्या झाली. वय होतं अवघं ४९. ‘द सिम्पसन्स’ने काय केलं? ती दोन्ही पात्रं बोलायची थांबवली. दुसरा नट आणला नाही. ‘फ्यूचुरामा’पुढे तो मार्ग नव्हता, कारण झॅप अजून जन्मायचाच होता. तो वेस्ट यांच्याकडे आला. त्यांनी हार्टमन यांची आठवण आणि रेडिओवरच्या जुन्या, स्वतःच्याच आवाजावर भाळलेल्या निवेदकांची ऐट यांतून तो घडवला. आणि मालिकेच्या नायकाचं पूर्ण नाव झालं फिलिप जे. फ्राय. त्यातला फिलिप हार्टमन यांच्यासाठी. ज्या माणसाचा आवाज मालिकेत एकदाही ऐकू आला नाही, त्याच्या नावाने तिचा नायक ओळखला जातो. पडद्यामागच्या कित्येक किश्शांपैकी मला हा सर्वांत जवळचा वाटतो.

थोडं अवांतर करतो, कारण या मालिकेचे लेखक हा एक वेगळाच नमुना आहे. डेव्हिड कोहेन हार्वर्डचे पदार्थविज्ञानाचे पदवीधर. लेखक संघटनेच्या नियमानुसार एका नावाचे दोन सभासद चालत नाहीत आणि आधीच एक डेव्हिड एस. कोहेन होते, म्हणून यांनी मध्ये ‘एक्स’ घातला. केन कीलर हे दुसरे लेखक, तेही हार्वर्डचे, उपयोजित गणितातले डॉक्टर. अशी मंडळी विनोद लिहायला बसली की आकडेही खोड्या काढू लागतात. आपल्या रामानुजन यांचा टॅक्सीवाला आकडा १७२९ या मालिकेत पुन:पुन्हा भेटतो. एक आणि बाराचा घन किंवा नऊ आणि दहाचा घन, दोन्ही बेरजा १७२९! झॅपच्या अवकाशयानावर हाच आकडा रंगवलेला आहे; बेंडरही आपल्या ‘आई’चा १७२९वा पुत्र. ज्याला कळलं तो गालात हसतो. ज्याला नाही कळलं, त्याचं काहीच अडत नाही.

या कीलर यांनी लिहिलेला, ऑगस्ट २०१०मध्ये दाखवलेला एक भाग मात्र आपल्या विषयाला थेट भिडतो. प्राध्यापक मनांची अदलाबदल करणारं यंत्र बनवतात. एकाचं मन दुसऱ्याच्या देहात जातं. पण एकदा जोडी जुळली की तीच जोडी पुन्हा यंत्रात बसू शकत नाही. होता होता सगळ्यांचा गुंता होतो. त्यातून सुटायचं कसं? कीलर यांनी त्यासाठी खरंखुरं प्रमेय सिद्ध केलं: गुंता कितीही मोठा असो, दोन नवी माणसं मदतीला घेतली की प्रत्येकाला आपापला देह परत मिळतो. ती सिद्धता पडद्यावर फळ्यावर लिहिलेली दिसते, आणि लिहितात कोण, तर बास्केटबॉलपटू!

पण माझा मुद्दा गणिताचा नाही. या भागात प्राध्यापक बेंडरच्या पोलादी देहात आहेत, बेंडर ॲमी या तरुणीच्या देहात, लीला म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या देहात आणि फ्राय डॉक्टरच्या कवचात. प्रेक्षकाला कुणाचं कोण हे कसं कळतं? आवाजावरून. देह कुणाचाही असो, मन ज्याचं त्याचाच आवाज त्या तोंडून येतो. नाजूक ॲमीच्या ओठांतून डिमॅजिओचा घोगरा दारुडा बोलू लागला, की हा बेंडर आहे हे सांगायला लागत नाही. चित्रं सगळी उलटीपालटी झाली तरी गोष्ट अडखळत नाही. मालिकेच्या कर्त्यांनी स्वतःच्याच हाताने दिलेली ही साक्ष आहे: पात्र राहतं ते रेषेत नव्हे, आवाजात.

म्हणूनच २००९ची ती सूचना मला इतकी लागते. तोपर्यंत मालिकेने बरेच टक्केटोणपे खाल्ले होते. रविवारी संध्याकाळी तिची वेळ आणि फुटबॉलचा सामना लांबला की भाग रद्द. २००३मध्ये फॉक्सने गाशा गुंडाळला. पुनःप्रक्षेपणांनी आणि डीव्हीडींच्या विक्रीने तिला पुन्हा उभं केलं, २००७ ते २००९मध्ये चार लांब चित्रपट निघाले आणि मग कॉमेडी सेंट्रल वाहिनीने नवे भाग मागितले. ज्या आवाजांच्या आठवणीने प्रेक्षकांनी मेलेली मालिका जिवंत केली, तेच आवाज बदलायला कंपनी निघाली होती. प्रेक्षकांनी बोंबाबोंब केली आणि ३१ जुलैला समझोता झाला. जुनेच कलाकार परतले. त्यानंतर मालिका २०१३पर्यंत चालली.

बरं, त्यातून कुणी काही शिकावं? २०२२च्या फेब्रुवारीत हुलूने मालिका पुन्हा आणणार असं जाहीर केलं, तेव्हा यादीत सगळे होते आणि डिमॅजिओ नव्हते. पुन्हा मानधनाचाच वाद, पुन्हा प्रेक्षकांचा ओरडा. मार्चच्या पहिल्या तारखेला त्यांचंही नाव यादीत आलं. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं, की पैसे काही वाढवून मिळाले नाहीत. पण हा गडी वाकला असं मला वाटत नाही. आवाजाच्या कलाकारांना मान मिळावा, हा त्यांचा जुनाच ध्यास आहे. २०१३ साली याच बिरादरीवर ‘आय नो दॅट व्हॉइस’ हा माहितीपट त्यांनी पुढाकार घेऊन केला होता.

कंपनीची बाजू अगदीच टाकाऊ आहे, असं मी म्हणणार नाही. पैसा तिचा, जोखीम तिची, शेकडो चित्रकारांचे पगार तिनेच द्यायचे. शिवाय आवाज बदलले म्हणून पात्रं मरतातच असंही नाही. बग्ज बनी या सशाचा मूळ आवाज मेल ब्लँक यांचा. ते १९८९मध्ये गेले, ससा अजून गाजर खातो आहे. १९९६च्या ‘स्पेस जॅम’ चित्रपटात त्या सशाला आवाज कुणी दिला ठाऊक आहे? याच बिली वेस्ट यांनी! त्याआधी ‘रेन अँड स्टिम्पी’ या मालिकेत स्टिम्पी बोलणाऱ्या वेस्ट यांनी, रेनचा मूळ आवाज असलेल्या निर्मात्याची गच्छंती झाल्यावर, रेनही आपल्या गळ्यावर घेतला होता. म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहणं त्यांना नवं नव्हतं.

तरीही मला या दोन्हींत फरक दिसतो. गेलेल्या गायकाची चीज पुढच्याने गावी, तिला आपण घराणं म्हणतो. गाणारा जिवंत असताना बिदागीवरून रुसवा झाला म्हणून त्याच्यासारखाच गळा भाड्याने आणावा, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. हार्टमन यांची जागा घेताना वेस्ट यांनी ती जागा कुणाची होती हे विसरू दिलं नाही. ‘पाहिजेत’च्या सूचनेत असली आठवण बसत नाही.

आणि आता तर सूचनेचीही गरज उरलेली नाही. ‘फ्यूचुरामा’चे नवे भाग २४ जुलै २०२३ला सुरू झाले, त्याच्या दहाच दिवस आधी अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने संप पुकारला होता. तो ११८ दिवस चालला. संगणकाने बनवलेली माणसाची आणि त्याच्या आवाजाची प्रतिकृती त्याच्या संमतीशिवाय, मोबदल्याशिवाय वापरायची का, हा त्यातला एक कळीचा प्रश्न होता. ही काही सातासमुद्रापलीकडची भानगड नव्हे. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. २०२५मध्ये आशा भोसले यांना त्याच न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्यांचा गळा अवघ्या देशाने सात दशकं ओळखला, त्यांनाही ‘हा आवाज माझा’ असं न्यायाधीशांना सांगावं लागलं. नामवंतांना निदान वकील तरी परवडतो. टीव्हीच्या जाहिरातीत, आगगाडीच्या फलाटावर, टेलिफोनच्या नोंदीत ज्यांचा आवाज आपण रोज ऐकतो आणि ज्यांचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, त्यांनी कुणाकडे जावं? निदान आवाज देणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या आवाजाची नक्कल वापरायची नाही आणि वापरली तर त्याचं मोल मोजायचं, एवढं कायद्याने स्वच्छ लिहिलेलं असावं, असं माझं मत आहे.

बिली वेस्ट यांना या सगळ्याचा वास फार पूर्वीच आला असावा. झॉइडबर्ग, प्राध्यापक, झॅप यांच्यासाठी त्यांनी उसनी सोंगं घेतली. फ्रायसाठी मात्र स्वतःचाच पंचविशीतला आवाज लावला, किंचित किनरा, किंचित कुरकुरा, बाकी साधा. सोंगाची नक्कल दुसरा करू शकतो, पण मुळातच आपल्यासारखं वाटणारं बोलणं कंपनीला दुसऱ्याकडून करून घेणं जड जाईल, असा तो हिशेब होता, हे त्यांनी पुढे उघड बोलून दाखवलं आहे. त्यांचा जन्म १९५२चा. हुलूवर मालिका परतली तेव्हा ते ७१ वर्षांचे होते, आणि पिझ्झावाला फ्राय पडद्यावर अजून पंचविशीतलंच बोलत होता.